दिवसा सोफा, रात्री खाट

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावे, याबद्दल आमच्या गावात प्रत्येकाचे ठाम मत आहे. कुणी म्हणते शेतात लक्ष घाला, कुणी म्हणते सप्त्यात पारायणाला बसा. मी कादंबऱ्या लिहितो हे गावाला ठाऊक आहे. पण त्याला काम म्हणावे असे अजून कुणाला वाटलेले नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात मी ओसरीवर बसून लाकडाला रंधा मारताना दिसलो, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांना हायसेच वाटले. साहेब एकदाचे कामाला लागले!

मी सोफा-कम-बेड करीत होतो. दुकानात तयार मिळतो, नांदेडहून टेम्पोने घरपोच येतो, हप्त्यानेही मिळतो. हे सगळे मला माहीत होते. आयुष्यभर लोकांना हप्ते बांधून देण्याचेच काम मी केले आहे. तरी घरी करायचे ठरवले, याला दोन कारणे होती. एक, आमच्या दिवाणखान्याच्या मापाचा सोफा कुठल्याच दुकानात मिळेना. आणि दुसरे म्हणजे सहा महिन्यांनी लेकीच्या सासरची माणसे पहिल्यांदाच चार दिवस मुक्कामाला येणार होती आणि आमच्याकडे त्यांना झोपवायला जागा नव्हती.

आमचे उमरी हे मुदखेड आणि धर्माबादच्या मधले रेल्वे स्टेशन. गावाचे नाव इतिहासात आहे ते बँकेमुळे. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी तिकडे दिल्लीत गांधीजी गेले त्याच दिवशी, इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि तो पैसा निजामाविरुद्धच्या लढ्याकडे वळवला. त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मोकळा झाला. त्या बँकेची पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बँक लुटल्याचा अभिमान बाळगणाऱ्या गावातला मुलगा बँकेतच नोकरीला लागला, यावर माझ्या सत्काराच्या वेळी एका वक्त्याने बराच वेळ घेतला होता. असो.

आमचा जुना वाडा माळवदाचा होता. भावाभावांत वाटणी झाली, वाडा उतरवला, आणि माझ्या वाट्याच्या जागेवर मी चार खोल्यांचे सिमेंटचे घर बांधले. दिवाणखाना दहा बाय तेराचा. मागे स्वयंपाकघर, आमची झोपायची खोली आणि एक नऊ बाय आठची खोली. या शेवटच्या खोलीत माझे टेबल, खुर्ची, पुस्तकांची दोन कपाटे आणि हस्तलिखितांचे गठ्ठे. नकाशात तिच्यावर मी स्वतःच्या हाताने 'लेखन' असे लिहिले होते. बदलीच्या नोकरीत अकरा गावे फिरलो आणि सगळीकडे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नाहीतर पलंगावर पाट ठेवून लिहिले. म्हणून ही खोली मला फार मोलाची.

घरात आम्ही दोघे आणि आक्का. आक्का माझी थोरली बहीण, वयाची सत्तरी ओलांडलेली. तिचे यजमान गेले, मूलबाळ नाही, सासरच्या शेतीचे काय झाले तो विषय ती काढू देत नाही. मी जाऊन तिला घेऊन आलो. ती येताना एक ट्रंक, एक देवघर आणि अंथरुणाची वळकटी घेऊन आली. झोपायची दिवाणखान्यात, खाली. पहाटे पाचला उठून वळकटी करायची आणि कपाटामागे उभी करून ठेवायची. दूधवाला येईपर्यंत दिवाणखाना हा दिवाणखाना झालेला असायचा. इतका नीटनेटका की तिथे रात्री कुणी झोपले होते याची खूणही राहत नसे. तेव्हा मला याचे कौतुकच वाटे.

आणि खरे म्हणजे त्यात नवल काय होते? आपण सगळे वळकटीच्याच संस्कृतीतले. जुन्या वाड्यात झोपायची खोली नावाची खोली नसायची. ज्या माजघरात दुपारी पंगत बसे, तिथेच रात्री अंथरुणे पडत. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर गेला की सगळे घर वळकट्या घेऊन माळवदावर चढे. बाज असे ती म्हाताऱ्या माणसासाठी किंवा बाळंतिणीसाठी. बाकीच्यांना जमीन. म्हणजे आपल्याकडे सामान बदलत नसे, खोलीच बदलत असे. सकाळची पूजेची खोली दुपारी जेवणाची आणि रात्री झोपायची. सुताराला एक खिळाही न ठोकता साधलेली ही सोय होती.

शहरात हीच रीत आणखी घट्ट झाली. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब, गावाकडून आलेला पुतण्या, आणि गिरणीत पाळ्या करणारे दोघेतिघे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याचे अंथरूण त्याला. आता त्या चाळींच्या पुनर्विकासाचे काम सुरू आहे. पण पुढे चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या माणसाला खुर्च्या हव्या झाल्या, टीव्ही आला, आणि दिवाणखाना हा आल्यागेल्याला दाखवायचा झाला. तिथे वळकटी शोभेना. मग सोफा-कम-बेड आला.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९८२ साली, डोंबिवलीत. बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो होतो आणि मामेभावाकडे उतरलो होतो. रात्री त्याने सोफ्याची पाठ खटकन पाडली आणि म्हणाला, "झोप." मधोमध लोखंडाची आडवी पट्टी होती, ती नेमकी कमरेखाली येई. सकाळी साडेपाचला वहिनी चहाचा कप घेऊन उभ्या. त्या काही बोलत नसत, पण पलंगाचा सोफा झाल्याशिवाय घराचा दिवस सुरू होत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. पंधरा दिवस मी त्या घरात सर्वांत आधी उठणारा पाहुणा होतो.

तर असा सोफा करायचा. मी बँकेतला माणूस. आधी फाईल वाचल्याशिवाय सही करीत नाही. तेव्हा वाचायला बसलो आणि चकित झालो. घडीचा पलंग तुतनखामेनकडेही होता! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या इजिप्तच्या राजाची कबर हॉवर्ड कार्टरला १९२२ साली सापडली. तिच्यात इतर पलंगांबरोबर तीन भागांत दुमडणारा एक प्रवासी पलंगही होता, काशाच्या बिजागऱ्या लावलेला. म्हणजे राजाला तो सफरीसाठी हवा होता. गरिबाला मात्र तो घर लहान म्हणून लागतो.

त्या गरिबांच्या बाजूने विचार करणारी एक बाई मला या वाचनात भेटली. सारा गुड तिचे नाव. राहणारी अमेरिकेतली. पुढे शिकागोत तिचे फर्निचरचे दुकान होते. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांची घरे लहान, पलंग ठेवायला जागा नाही. तिने एक पलंग असा केला की दिवसा तो मिटला की लिहायचे टेबल व्हायचे, कागद-पत्रे ठेवायच्या कप्प्यांसकट. १४ जुलै १८८५ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ती एक. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी याने भिंतीत उभा मिटणारा पलंग काढला. न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली धंदा सुरू करणाऱ्या बर्नार्ड कॅस्ट्रोचे सोफे तर त्याच्या चार वर्षांच्या मुलीने गाजवले. १९४८ साली टीव्हीच्या जाहिरातीत ती चिमुरडी स्वतःच्या हाताने सोफ्याचा पलंग करून दाखवी. लहान मुलाला जमते, मग तुम्हाला का नाही, हा मुद्दा.

सोफा हा शब्दही मुळात अरबी, 'सुफ्फा' म्हणजे बसायचा उंच ओटा. आमच्याकडच्या जुन्या घरात पुढच्या बैठकीच्या जागेला 'सोपा' म्हणतच आलेत. त्यामुळे आमच्या मिस्त्रींना सोफा-कम-बेड म्हणताना अडचण आली नाही. ते त्याला सोपाकम म्हणतात. "सोपाबी कम आन् बेडबी कम," असा त्यांचा त्यावर विनोद आहे.

मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीतले सुतार. त्यांचे आजोबा बलुत्यावर औते, तिफणी आणि गाड्या करीत. ट्रॅक्टर आला, तिफणी गेल्या. वडिलांनी दारांच्या चौकटी केल्या. मिस्त्री आता प्लायवुड आणि सनमायका लावतात. त्यांना मी म्हटले, मला तुम्ही नुसते सांगा, हात मी लावणार. ते हसले. म्हणाले, "करा की साहेब. बोटं तेवढी मोजून ठिवा."

घडीच्या सोफ्याच्या तऱ्हा पुष्कळ, पण घरी करण्याजोग्या दोनच. एक, पाठ मागे पडून बसायच्या भागाच्या पातळीला येते ती. तिला पोलादी बिजागऱ्या लागतात, आणि सोफा भिंतीपासून पुढे ओढल्याशिवाय पाठ पडत नाही. दुसरी तऱ्हा पट्ट्यांची. ती मला फार आवडली, कारण तिच्यात यंत्र असे नाहीच. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवा आणि हळूहळू ओढा, झाले. एक हात म्हणजे सोफ्याची पक्की चौकट, तिच्यावर मागून पुढे बसवलेल्या लाकडी पट्ट्या. दुसरा हात म्हणजे सोफ्याची पुढची बाजू, स्वतःच्या पायांवर उभी, तिला जोडलेल्या पट्ट्या पहिल्या पट्ट्यांच्या मधून सरकतात. बंद असताना चोवीस इंच खोलीचा सोफा. पुढची बाजू वीस इंच ओढली की चव्वेचाळीस इंच रुंदीचा पलंग. पाठीला टेकायची गादी वीस इंच उंचीची केली की तीच खाली मोकळ्या झालेल्या जागेत बसते. लांबी सव्वासहा फूट. त्यात दोन इंच रुंदीच्या पस्तीस पट्ट्या मावतात, अठरा पक्क्या आणि सतरा सरकत्या.

कागदावर हे सगळे पहिल्या दिवशीच जमले. लाकडावर जमायला पाच महिने लागले.

पहिली चूक लाकडाची. वखारीत कापून ठेवलेले लाकूड मला स्वस्त पडले. वरून कोरडे दिसत होते, आत ओल होती. मिस्त्रींनी उचलून पाहिले आणि म्हणाले, "जड लागायलंय." मी म्हटले, चांगले आहे, मजबूत असेल. ते गप्प बसले. माझ्या जागी शाखेत कनिष्ठ अधिकारी गप्प बसायचे, तसेच.

दुसरी चूक जाडीची. पट्टी पाऊण इंच ठेवली. रुंदी आहे ना दोन इंच, मग झाले, असे वाटले. इथे एक गोष्ट घरच्या कुठल्याही फळीला लागू आहे म्हणून सांगतो. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुपटीने वाढते आणि वाकणे निम्मे होते. पण जाडी दुप्पट केली तर वाकणे आठ पटींनी कमी होते. पुस्तके ठेवून झोळ आलेली फळी तुमच्याही घरी असेल. तिला रुंद फळी लावून उपयोग नाही, जाड हवी. माझी पाऊण इंचाची पट्टी एक इंच करताच तिचे वाकणे निम्म्याहून कमी झाले.

तिसरी चूक मात्र सगळ्या घरासमोर झाली. चैत्रात सोफा उभा राहिला. रात्री जेवणे झाल्यावर मी पुढची बाजू ओढली, गाद्या घातल्या आणि मोठ्या दिमाखात आडवा झालो. आमची फरशी शहाबादी, पायांना मी हौसेने चाके लावलेली. मी कुशीवर वळलो आणि पुढची बाजू आणखी चार-सहा इंच आपण होऊन पुढे गेली. सरकत्या पट्ट्यांची मागची टोके चौकटीवरून निसटली आणि मधल्या खळग्यात मी गादीसकट खाली बसलो. सौ. हसून हसून भिंतीला टेकली. आक्का तोंडाला पदर लावून हसत होती. मी आक्काला इतके हसताना बऱ्याच वर्षांनी पाहिले, तेव्हा ते पडणे काही वाया गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी येऊन पाहिले. सरकत्या पट्ट्यांच्या मागच्या टोकांना खालून एक आडवी पट्टी ठोकायची. बाहेर ओढताना ती चौकटीच्या पुढच्या दांड्याला आतून अडते आणि माल बाहेर येऊच शकत नाही. शिवाय एक लाकडी खिट्टी, उघडल्यावर घालायची. "दाराला अडसर नसल्यावर कसं हुईल?" एवढेच बोलले. पक्क्या दाराचा अडसर मला कसा सुचला नाही, याचे मलाच नवल वाटले. चाके मी त्याच दिवशी काढून टाकली आणि पायांना जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवले.

मे महिन्यात ओले लाकूड सुकू लागले आणि काही पट्ट्या पिळल्या. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला आणि ज्या सरळ होत्या त्या फुगल्या. लाकूड लांबीने फारसे वाढत नाही, रुंदीने वाढते. मी दोन पट्ट्यांत पोस्टकार्डाएवढीच फट ठेवली होती. पस्तीस पट्ट्या एकमेकींना अशा चिकटल्या की सौ. आणि मी दोघांनी मिळून ओढले तरी सोफा जागचा हलेना. बुद्धिबळातल्यासारखी कोंडी. पाहुणे दोन महिन्यांवर आलेले.

मग मिस्त्रींनी माझ्या घरामागे बोट दाखवले. वाडा उतरवला तेव्हाच्या सागवानी तुळया पत्र्याखाली पडल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातल्या किनवटकडे सागाचे जंगल आहे. वाडे बांधले जात तेव्हा गाड्यांनी साग येई. त्या तुळया आजोबांच्या काळातल्या. माझ्या जन्माच्या आधीपासून उन्हापावसाचे सगळे चढउतार भोगून बसलेल्या. मी त्या विकायच्या म्हणून ठेवल्या होत्या. सॉ मिलमध्ये नेल्या. पहिल्याच कापात आतला एक जुना खिळा लागून पाते मोडले, त्याचे पैसे भरले. पण लाकूड उघडे पडले आणि वास सुटला. तो वास आमच्या वाड्यातल्या माजघराचा होता. मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या खेपेला फट ठेवली एक अष्टमांश इंच. पट्ट्यांच्या कडांना मेणबत्ती घासली. मेणाने लाकूड लाकडावरून गुळगुळीत सरकते. चौकटीचे सांधे खिळ्यांचे नाही तर भोक पाडून, कुसू घालून, फेविकॉल लावून केले. कारण ओढताना आणि ढकलताना सांध्याला जो हिसका बसतो, त्याने खिळे हळूहळू ढिले होतात. गाद्या पिंजाऱ्याकडून कापसाच्या भरून घेतल्या. आमचे उमरी कापसाचे गाव, इथे फोमवर झोपायचे म्हणजे जरा लाज वाटते. कापसाचे एक आहे, रोज बसायची गादी दबते आणि पाठीची फुगीर राहते. मग झोपणाऱ्याच्या पाठीखाली मधोमध पायरी तयार होते. त्यावर आक्काने उपाय काढला. जुन्या लुगड्यांची एक जाड वाकळ तिने महिनाभर बसून शिवली आणि दोन्ही गाद्यांवरून अंथरली. पायरी नाहीशी झाली.

मी सगळ्याचा हिशेब लिहीत होतो. सवय आहे. वाया गेलेले लाकूड आणि मोडलेले पाते धरून ११,६४० रुपये झाले. तेवढ्यात तयार सोफा आला असता, असे सौ.ने सुचवले. मिस्त्रींनी मजुरी घ्यायला नकार दिला. म्हणाले, "मी काय केलं? नुसतं बगितलं की." शेवटी त्यांच्या नातवाला सायकल घेऊन दिली, ती या हिशेबात नाही.

पाहुणे श्रावणात आले. व्याही-विहीणबाई दोघेही पुण्याचे, सरळ माणसे. चार रात्री सोफ्यावर छान झोपली. व्याहीबुवांनी खिट्टी काढून, पट्ट्या मागेपुढे करून, खाली वाकून सगळी रचना पाहिली आणि म्हणाले, "पेटंट घ्या." माझी छाती फुगली. या चार रात्री आक्का स्वयंपाकघरात झोपत होती. ते मी पाहिले होते, पण चार दिवसांचाच तर प्रश्न होता.

पाहुणे गेल्यावर मी आक्काला म्हणालो, "आता आजपासून तू खाली झोपायचं नाहीस. हा पलंग तुझा." मला वाटले, मी फार मोठे काही देतो आहे. ती बरे म्हणाली. आठ दिवस झोपली. नवव्या रात्री पाणी प्यायला उठलो तर आक्का सोफ्याच्या शेजारी खाली, वाकळीवर. सकाळी विचारले तर म्हणे, "मऊ लागते रे. सवय नाही."

मला ते पटले. सवय नसते माणसाला.

आश्विनात तिला ताप आला. मी तिला बळेच सोफ्यावर निजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत पेन्शनच्या कामाला गेलो होतो, सौ. मागे आंघोळीला. नऊच्या सुमारास शेजारचे कुणीतरी लग्नाची पत्रिका घेऊन आले. दाराची कडी वाजली. आक्का उठली. अंगात ताप असताना तिने वाकळ घडी केली, गाद्या उचलून उभ्या केल्या, वाकून खिट्टी काढली, पुढची बाजू गुडघ्याने रेटत आत ढकलली आणि मग दार उघडले. पाहुण्यांना बसायला सोफा दिला. ते गेल्यावर सौ.ला ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी असलेली दिसली.

मी घरी आलो आणि संतापलो. "कामून उठलीस? पडून राहायचं. कोण काय म्हणणार होतं?"

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तसं नाही रे. तुझी वस्तू चांगली झाली. पण ती पाहुण्याची खाट आहे. पाहुणा चार दिवसांनी जातो. मला रोज सकाळी आपलं अंथरूण लपवायचा कंटाळा आलाय बघ."

मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो. आणि मला नांदेडची खोली आठवली.

१९७६ ते ७९ ही तीन वर्षे मी नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकलो. नरहर कुरुंदकर जिथे शिकवत, त्या कॉलेजात शिकायचे म्हणून मी हट्ट धरला होता, आणि घरी वसतिगृहाचे पैसे नव्हते. आक्काचे लग्न होऊन ती नांदेडला होती. भावजींची नोकरी साधी, भाड्याची दीड खोली. त्या दीड खोलीत एकच लोखंडी खाट होती, तिच्या लग्नात आमच्याच वडिलांनी दिलेली. ती खाट त्यांनी मला दिली. खिडकीशी लावून दिली, उशाशी दिवा. आक्का आणि भावजी तीन वर्षे खाली झोपले. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास मी त्याच खाटेवर केला. त्या खाटेवर माझी पुस्तके दिवसरात्र पसरलेली असत. कोणी आले म्हणून ती उचलावी लागली असे एकदाही झाले नाही. आक्का पाहुण्यांना सांगायची, "तिकडं बसू नका, त्याचं वाचायचं सामान हाय." त्या घरात माझी जागा दिवसाही माझीच होती.

आणि माझ्या चार खोल्यांच्या घरात तिची जागा रात्री दहाला सुरू होऊन पहाटे पाचला संपत होती. मी पाच महिने घाम गाळून केले काय, तर तिची वळकटी सागवानी केली.

घडीच्या पलंगाचा इतिहास मी वाचला होता, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. जागा कमी असते तेव्हा घरातले काहीतरी मिटवावे लागते. काय मिटवायचे हे आपण ठरवतो, आणि बहुतेक वेळा जो बोलत नाही त्याचे मिटवतो. आपल्या किती घरांत म्हातारी माणसे दिवाणखान्यात झोपत असतील? टीव्ही बंद होईपर्यंत ती जागी असतात आणि घर उठायच्या आधी त्यांची झोप उरकलेली असते. आपण म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना झोपच कमी. खरेच कमी असते का, हे एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

त्या दिवाळीच्या आधी मी लेखनाची खोली रिकामी केली. आक्काने फार विरोध केला. "तुझं लिहायचं कसं?" हे ती दहा वेळा म्हणाली. कपाटे दिवाणखान्यात आणली. उरलेल्या तुळईतून मिस्त्रींनी आणि मी एक साधी खाट केली. घडीची नाही, सरकती नाही, चार पाय आणि नवारीची. उंची अठरा इंच ठेवली, कारण सोफ्याची चूक मी पुन्हा करणार नव्हतो. सोफा चौदा इंचांचा झाला आहे आणि दुखऱ्या गुडघ्यांना त्यावरून उठताना हात टेकावा लागतो. घरी वयस्क माणूस असेल तर बसायची आणि झोपायची जागा त्याच्या गुडघ्याच्या उंचीची करा, एवढे आवर्जून सांगतो. खाटेशी तिची ट्रंक, कोनाड्यात तिचे देव, खिडकीत तुळशीची कुंडी. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता मी त्या खोलीत डोकावलो. अंथरूण पसरलेलेच होते. वाकळ अर्धी खाली लोंबत होती. आक्का आंघोळीला गेली होती. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने अंथरूण आवरले नव्हते, आणि घराचे काहीही बिघडले नव्हते.

मी आता सोफ्यावर लिहितो. सारा गुडचे ध्यान धरून मिस्त्रींकडून त्याच्या डाव्या हाताला एक फळी बिजागरीने लावून घेतली आहे. उचलली की कागद ठेवता येतो, पाडली की दिसत नाही. दिवाणखान्यात लिहायचे म्हणजे कुणीही येते, बसते, काय लिहिता म्हणते. फळी पाडायची, कागद गोळा करायचे, चहा मागवायचा. दिवसातून चार-पाच वेळा हे होते. सुरुवातीला चिडचिड झाली. मग मनाशी म्हटले, आक्काने पाच वर्षे केले, आपल्याला झाले किती दिवस!

हा लेखही त्या फळीवरच लिहिला. लिहीत असताना आक्का दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "दुपारी माझ्या खोलीत बस की लिहायला. मी काही झोपत नाही दिवसा." मी म्हटले, बघू. ती खोली तिने 'माझी' म्हटली, एवढे मला त्या दिवशी पुरले.